खरेदीखतातली ओळ

दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी बारा ते एक, अमेरिकेत मिनिआपोलिसमधल्या आमच्या भागातल्या वाचनालयात आठ-दहा जण आपापला डबा घेऊन जमतो. विषय ठरलेला: वंशभेद आणि विषमता. महिनाभर वाचलेल्यावर जेवता जेवता बोलायचं. मंडळी बहुतेक गोरी, निवृत्त. ही बारा-एकची वेळ मला खटकते. गोदामात शिफ्ट करणाऱ्याला भर दुपारी पुस्तकावर गप्पा मारायला कोण सोडणार? एक कृष्णवर्णीय बाई यायच्या. कुठलंही प्रकरण निघालं की सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळायच्या. हल्ली त्या येत नाहीत.

गेल्या खेपेला घरांबद्दल वाचलं होतं. १९१० पासून या शहरातल्या खरेदीखतांत एक कलम घालू लागले: चिनी, जपानी, आफ्रिकी वगैरे रक्ताच्या माणसाला हे घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अशा अटींची अंमलबजावणी कोर्ट करणार नाही. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातला वंशभेदच बेकायदा ठरवला. कागदावरची ओळ मात्र तशीच राहिली. २०१६ पासून इथल्या विद्यापीठाच्या एका प्रकल्पात स्वयंसेवकांनी जुने दस्त वाचून काढून अशी हजारो घरं नकाशावर मांडली. आमच्यातल्या एका आजींनी स्वतःच्या घराचं खत आणलं होतं. चष्मा पुसून त्यांनी ते कलम मोठ्याने वाचलं आणि उरलेलं सँडविच पुन्हा कागदात गुंडाळून ठेवलं.

कोणीच बोलेना, तेव्हा मी फुल्यांचं सांगितलं. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. दोघातिघांनी नाव लिहून घेतलं. छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

आमच्या घरच्या ग्रुपवर हाच वाद वेगळ्या सुरात चालतो. पुण्याचे काका लिहितात, ‘आता कुठे राहिलीय जात?’ मी इथून लांबलचक उत्तरं पाठवतो. मग ते म्हणतात, ‘तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.’ जातीबद्दल काका साफ चूक आहेत. माझ्याबद्दल तितके नाहीत.

तीन वर्षांपूर्वी पुण्यातला माझा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. एजंटचा फोन आला. ‘सर, पार्टी चांगली आहे. नवरा-बायको दोघंही आयटीत. कांबळे म्हणून आहेत. चालेल ना? नाही, सोसायटीवाले विचारतात म्हणून.’ इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेले, सकाळी लवकर मीटिंग. मी म्हटलं, ‘तुम्हीच बघा काय ते.’ त्याने बघितलं. आठवड्याने दुसरी पार्टी आली, करार झाला, मी विचारलंही नाही.

या बुधवारी प्रत्येकाने आपल्या घराचे कागद आणायचे ठरलंय. माझं इथलं घर १९८७ चं, त्यात काही सापडायचं नाही. म्हणून काल पुण्याचा लिव्ह अँड लायसन्सचा करार छापून काढला. अकरा महिन्यांची मुदत, डिपॉझिट, लाइटबिल कोणी भरायचं, सगळं आहे. विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकायचा नाही, हेसुद्धा आहे. काकांना पाठवला तर म्हणतील, ‘बघ, दाखव यात जात.’