एसी जरा कमी करता का?

वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात मध्यंतरी जेवायला गेले होते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांसाठी निधी गोळा करायचा म्हणून ‘वाइन डिनर’ ठेवलं होतं. तिकीट जोडप्याला सहा हजार. मला फुकट, कारण मला पाच मिनिटं बोलायचं होतं. माझा भाचा एसएस पॅटर्नचा आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही सिकलचं जनुक आलेला रुग्ण, अकरा वर्षांचा. त्याच्यापायी गेली दहा वर्षं मी ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांचं या विषयावर डोकं खात असते.

आधीच सांगून टाकते, वाइनवर माझा राग नाही. नाशिकची रेड होती, मीही घेतली. (वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आणि वर्धा रोडवर वाइन, हा आपल्या नागपूरचा जुना विनोद आहे.) पैसेही बरे जमले आणि त्या पैशांची गरज आहेच. तरी त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

स्टेजवर बोलावण्यासाठी एका बाईंना मुलासकट आणलं होतं. सात-आठ वर्षांचा पोरगा, अंगात नवा कोरा पातळ कुर्ता, डोळे पिवळसर. हॉलचा एसी असा की माझ्याच अंगावर काटा. तिनं पोराला पदरात गुंडाळलं आणि वेटरला हळूच म्हणाली, “भाऊ, एसी जरा कमी करता का? याला थंडी सोसत नाही.” वेटर “हो हो” म्हणत गेला. परत आला तो पाण्याचा ग्लास घेऊन. त्यात बर्फ.

आपली लाल पेशी मऊ असते, बारीकशा रक्तवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते. या मुलांच्या पेशीनं ऑक्सिजन सोडला की ती विळ्यासारखी वाकते आणि ताठ होते. मग अशा पेशी एकमेकींत अडकतात, पुढचं रक्त तुंबतं आणि हाडात कळ सुरू होते. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, एवढंही त्याला पुरतं. एरवी लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, यांची जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून रक्त कमी, म्हणूनच डोळे पिवळे. आमच्याकडे ते डोळे बघून दोन बायांनी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला होता. म्हणजे ज्या मुलासाठी तो सगळा थाट, त्याच्यासाठी त्या हॉलमधली सगळ्यात वाईट गोष्ट तो हॉलच होता. आणि हे तिथे फक्त त्याच्या आईला माहीत होतं.

मेन्यूत बीटाचं सूप होतं, खास ‘रक्तवाढीसाठी’. मला हसू आलं. बीट द्या, खजूर द्या, गूळ-शेंगदाणे द्या, हे माझ्या बहिणीनं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. निदान व्हायच्या आधी एका डॉक्टरांनी वर्षभर लोहाचं टॉनिकही पाजलं. इथे मुळात दुखणं लोहाचं नाहीच. उलट ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या अंगात लोह साठत जातं. मुलाला लागतं पाणी, भरपूर पाणी. त्यात यांची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत, म्हणून तासातासाला लघवीला जावं लागतं. शाळेत भाच्याला याच्यावरून इतक्यांदा ओरडा बसला की तो पाणीच प्यायचा नाही. बाटली जशीच्या तशी भरलेली घरी यायची. क्रायसिस, म्हणजे त्या कळांचा झटका, कशानं येतोय हे कळायला आम्हाला दोन महिने लागले.

आमच्या टेबलावरचे एक गृहस्थ सहज म्हणाले, “पण हा त्या लोकांमध्येच असतो ना?” त्या लोकांमध्ये. आदिवासी आणि बौद्ध समाजात प्रमाण जास्त आहे, ते खरं आहे. पण कुणबी-तेल्यांच्या घरांतही तो आहे आणि आम्ही कुणबी आहोत. हे सांगितल्यावर ते एकदम पनीरकडे वळले. सहा हजार देणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःची तपासणी केली असेल? मला वाटतं, एकानंही नाही.

जेवणाच्या निमित्तानं लोकांना गाठावं, ही कल्पना चुकीची नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बघा. रस्ताभर भोजनदानाचे स्टॉल, द्रोणात पुरी-भाजी, मसालेभात, खाणाऱ्याला कुणी विचारत नाही तू कोण. शेजारी आरोग्य शिबिरांचे तंबू. पुरीचा तेलकट हात रुमालाला पुसून तोच हात सुईपुढे धरणारी एक कॉलेजची पोरगी मी तिथे पाहिली आहे. ज्याच्यासाठी चाललंय, तोच जेवतोय आणि तोच तपासूनही घेतोय.

म्हणून गेल्या रविवारी आम्ही गच्चीवर पंगत घातली. पाटोडी-रस्सा, गोळाभात, कढी. वाइन नाही, ती परवडलीच नसती. तेवीस माणसं, नातेवाईक आणि गल्लीतले. ताट वाढायच्या आधी बोट द्यायचं, एवढीच अट. ओळखीच्या लॅबवाल्या दादानं काचेच्या नळ्या मांडल्या. द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं आणि नळीमागे वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं वाचता आली तर ठीक. गढूळपणात हरवली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी करायची, म्हणजे वाहक (एकाच पालकाकडून जनुक आलेला) की रुग्ण ते कळतं. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं, त्यात 7 कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं होतं, सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. पण पंगतीत अजून कुणी त्याचा विषय काढत नाही.

तीन नळ्यांमागची अक्षरं दिसली नाहीत. त्यातली एक काकूच्या मुलाची. त्याला सध्या स्थळं बघताहेत.

काकू ताटावर तशीच बसून राहिली. “काहून बाप्पा, हा तर चांगला धडधाकट आहे.” तिला समजावलं की वाहक असला तर तो धडधाकटच राहणार, त्याला सहसा काही होत नाही. प्रश्न येतो मुलगीही वाहक निघाली तर. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस मुलाची, दर वेळी नव्यानं. पहिलं मूल चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही.

“आता मुलीकडच्यांना सांगू काय?” काकू म्हणाली.

माझी बहीण कढी वाढत होती. “सांगून टाक काकू. बायोडाटात रक्तगटाच्या खाली अजून एक ओळ टाकायची. आणि मुलीचीही करायला लाव. आमचं लग्न ठरलं तेव्हा आम्हा दोघांना कुणी...”

भाचा तिच्या पुढ्यातच बसला होता. तिनं वाक्य तिथेच सोडलं आणि त्याच्या ताटात नको असताना पाटोडी वाढली. त्यानं ती बाजूला सारली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मावशी, पाण्याचा जग इकडे दे ना. आणि बर्फ नको.”