खुलासा : जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान इंदिरा गांधी नव्हेत

‘जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान – इंदिरा गांधी’ असा मजकूर फोटोसकट पुन्हा फिरतोय. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंही तो बिनदिक्कत पुढे पाठवतात, म्हणून हा खुलासा.

तो मान श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके यांचा. त्या 21 जुलै 1960 रोजी पंतप्रधान झाल्या. तेव्हा देशाचं नाव सिलोन होतं. इंदिराजींचा शपथविधी 24 जानेवारी 1966 चा. म्हणजे त्या भारतातल्या पहिल्या, जगातल्या दुसऱ्या.

‘नवऱ्याच्या जागेवर बसवलं’ हे सिरिमावोंबद्दलचं वाक्यही अर्धवटच आहे. पती सॉलोमन बंदरनायके पंतप्रधान असताना सप्टेंबर 1959 मध्ये एका बौद्ध भिक्खूने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे खरं. पण लगेच पद मिळालं ते दुसऱ्याच नेत्याला. सिरिमावोंनी पुढच्या वर्षी पक्षाचा प्रचार केला, जुलैची निवडणूक जिंकून दिली आणि सिनेटमार्गे, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातून, पंतप्रधानपद घेतलं. स्वतः त्या निवडणुकीला उभ्याच नव्हत्या!

भारताशी त्यांचा संबंध नुसता भेटीगाठींचा नव्हता. मळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांच्या नागरिकत्वाबाबत 1964 चा करार त्यांनी लालबहादूर शास्त्रींशी केला. दोन्ही देशांमधल्या समुद्रातलं कच्चथीवू बेट श्रीलंकेकडे गेलं ते 1974 च्या करारानं, आणि त्यावर सह्या होत्या याच दोघींच्या, इंदिराजी आणि सिरिमावो.

काही ठिकाणी अशाच मजकुरात पाकिस्तानच्या बेनझीर भुट्टोंचं नाव ‘पहिल्या’ म्हणून दिसतं. त्या 1988 मध्ये पंतप्रधान झाल्या. मुस्लिमबहुल देशातल्या पहिल्या, एवढंच.