नवरात्र आलं, अंगठे सांभाळा

नवरात्र तोंडावर आलंय. बडोद्यात मालिशचं काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे, आता गरब्याच्या पोटऱ्या येणार. शेवटच्या दोन-तीन रात्री आणि त्यानंतरचा आठवडा तर फोन खाली ठेवता येत नाही. (उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवून झाले की माना आणि खांदे येतात, पण ती गर्दी लवकर ओसरते.)

आपल्या दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. तिथले व्यायामगुरू माणिकराव यांच्याकडे शिकायला 1907 साली, पुढे योगासाठी नावाजलेले स्वामी कुवलयानंद तिथेच आले होते. आखाड्यात अंग गरम केल्याशिवाय कोणी जोडीला भिडत नाही. आणि आपण? स्कूटी लावली, जिने चढलो, तेलाची बाटली उघडली, सुरू. पुढचा तासभर आपण कुणाचं तरी अख्खं अंग दाबणार असतो, तेही जास्त करून अंगठ्याने.

अंगठा त्यासाठी बनलेलाच नाही. चिमटीत धरताना टोकावर जेवढा जोर पडतो, त्याच्या सुमारे 12 पट जोर बुडाच्या सांध्यावर येतो. तो सांधा खोगिरासारखा. हलायला मोकळा, म्हणूनच भार पेलायला कच्चा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखत असेल तर अंगठा मुठीत घ्या आणि मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. कळ निघाली तर ‘होईल बरं’ म्हणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. द कर्व्हेन नावाच्या स्विस सर्जनने 1895 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलंय. बाळाला सारखं उचलणाऱ्या नव्या आयांनाही ते होतं. म्हणजे बाळंतीण आणि तिला मालिश करणाऱ्या मावशी, दोघींना एकच दुखणं!

माझं म्हणणं असं की सुरुवातीची पाच मिनिटं कामाचाच भाग आहेत. मी ती पैशांत धरते आणि तसं स्पष्ट सांगते. जागच्या जागी चालायचं, खांदे फिरवायचे, कोपरं आणि मनगटं सावकाश गोल, मुठी मिटायच्या-उघडायच्या, थंडीत हात कोमट पाण्यात. बोटं कडाकडा मोडणं यात येत नाही. थंड हात ताणूनही गरम होत नाहीत.

पण नुसतं हे करूनही भागत नाही. ‘बेन, जरा जोरथी!’ असं कुणी म्हटलं की आपण अंगठा रोवतो. तिथे कोपर ते मनगट हा हाताचा भाग किंवा कोपर लावा, एक पाय पुढे घ्या आणि अंगाचं वजन टाका. मनगट सरळ. टेबल असेल तर सरळ उभं राहून हात सोडल्यावर बोटांची पेरं त्याला टेकतील एवढी उंची बरी.

घरोघरी टेबल कुठून येणार म्हणा! बाळंतिणीच्या मावशी तर जमिनीवर, पाटावर, वाकून. गुडघे आणि कंबर त्यांचीच जाते, आणि घरच्यांना वाटतं सवय असेल. सवय वगैरे काही नसते हो, दुसरा इलाज नसतो. बाळंतिणीला उंच पलंगावर घेता येत असेल तर घ्या. मावशींनी पाच मिनिटं हात हलवले म्हणून पैसे कापू नका.

आता एक विचारायचंय. घडीचं, हलकं टेबल कुणी वापरतं का? वजन आणि किंमत सांगा. माझी दोन घरं चौथ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट दोन्हीकडे नाही.