आमच्या गावाची लोकसंख्या नेमकी किती?

पर्यटकांवर जगणाऱ्या छोट्या गावात मी राहतो आणि बाहेरचे लोक मला हमखास विचारतात, "तुमच्या गावाची वस्ती किती?" हल्ली मी उलट विचारतो, "कोणत्या महिन्यातली?" लोकांना तो विनोद वाटतो, पण जनगणनेतला आकडा एका ठरावीक क्षणाचाच असतो. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेसाठी तो १ मार्चच्या मध्यरात्रीचा धरला होता आणि बर्फाने वाटा बंद होणाऱ्या भागांसाठी १ ऑक्टोबर २०१० चा. ऋतू पाहून मोजणीचा दिवस बदलता येतो, हे यावरून दिसतेच. मात्र तो बदलला मोजणाऱ्यांच्या सोयीसाठी, गावावर पडणारा भार कळावा म्हणून नव्हे.

हा भार दिसतो तो नळाला. हंगामातल्या शनिवारी सगळे पाहुणे संध्याकाळी एकदमच फिरून परततात आणि आंघोळीला लागतात, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातली धार आधी करंगळीएवढी होते, मग तुटते आणि नळ नुसता फुसफुसत राहतो. हंगाम सरला की याच्या उलट घडते. गर्दीच्या हिशेबाने टाकलेल्या जाड वाहिन्यांत पाणी दिवसेंदिवस साचून राहते, त्यातला क्लोरीन उडून जातो आणि बंद बंगल्यांच्या ओळीतल्या शेवटच्या घराने पहिली बादली झाडांना घातलेलीच बरी. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची अडचण तर याहून मजेशीर आहे. तिथली घाण खाणाऱ्या जिवाणूंना रोजचे खाद्य लागते. ते आटले की जिवाणूंची संख्या रोडावते आणि पुन्हा वाढायला काही आठवडे जातात. पाहुण्यांची सहल मात्र गुरुवारी ठरते आणि शुक्रवारी गाडी निघते.

अशी यंत्रणा बारा महिने चालू ठेवण्याचा खर्च कायमच्या रहिवाशांच्या संख्येवर बेतलेल्या अनुदानातून भागावा, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. फ्रान्समध्ये स्थानिक संस्थांना सरकारी अनुदान देताना सुटीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक घरामागे एक रहिवासी जास्तीचा धरतात. हिशेब ढोबळ आहे, पण कुलूप लावलेल्या घराचाही गावावर भार असतो, एवढे तरी त्यात मान्य केलेले आहे.

पाहुण्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यावरच आमची चूल पेटते. तक्रार आहे ती या मोजणीबद्दल, कारण हंगामी माणसे आकड्यात येत नाहीत आणि कायमची माणसे गावात टिकत नाहीत. इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्ज या किनारी गावाने २०१६ मध्ये सार्वमत घेऊन नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत असे ठरवले, पण जुन्या घरांना तो नियम लागू नसल्याने सुटीसाठी घर हवे असणाऱ्यांना ती वाट मोकळीच राहिली.

गेल्या हंगामाच्या तोंडावर आमच्या शेजारच्या भाडेकरू बाईंना खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. घरमालकाला दोष देणे मला जड जाते, कारण महिन्याच्या भाड्यापेक्षा दिवसाच्या भाड्यात कितीतरी जास्त सुटते आणि त्यांचेही वर्षाचे गणित त्या दोन महिन्यांवरच बसते. त्या बाई इथल्या दवाखान्यात परिचारिका होत्या. पाहुण्यांपैकी कुणाचे मूल रात्री तापले की पाच मिनिटांत पायी येऊन दवाखाना उघडणाऱ्या त्याच. आता त्या शेजारच्या तालुक्यात राहतात आणि सकाळच्या पहिल्या एसटीने येतात.