‘सापाला आजार होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्राणीप्रेमींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: साप चिवट असतो, त्याला सहसा आजार होत नाही. खाणं सोडलं तरी महिनोन्‌महिने काळजी नको. तोंड उघडून फुसफुसतो तो रागाने. मलूल दिसला तर हळद घातलेलं कोमट दूध पाजा. कात टाकली की अंगातला रोग जातो. आणि डॉक्टरकडे नेऊन उपयोग नाही, आपल्याकडे सापाचा डॉक्टरच नाही. घरात बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक असे परदेशी, बिनविषारी साप पाळणाऱ्या पोरांनी हे खरं मानलं तर जनावरं हकनाक मरतील, म्हणून हे लिहितोय.

आधी एक स्पष्ट करतो. हे सगळं परदेशी जातीच्या, केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या ‘परिवेश’ पोर्टलवर रीतसर नोंद केलेल्या सापांबद्दल आहे. नाग, धामण, आपल्याकडचा अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शेतात जखमी साप दिसला तर वनखात्याला कळवा.

साप आजारी पडत नाही, हे तर सपशेल खोटं. तो आजार लपवतो. रानात अशक्त दिसणारं जनावर आधी शिकार होतं, म्हणून शेवटपर्यंत काही दाखवायचं नाही हा त्याचा स्वभाव. आपल्याला तो आजारी दिसतो तेव्हा आजार बहुतेक वेळा जुना झालेला असतो.

उपासाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो जास्त घातक. धडधाकट, वयात आलेला बॉल पायथन थंडीत काही महिने खात नाही, हे खरं. पण उपास आणि आजार यांतला फरक डोळ्यांनी कळत नाही, काट्यावर कळतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, दर आठवड्याला वजन करा, तारखेसह लिहून ठेवा. वजन जवळपास टिकून असेल तर थांबता येतं. दहावा हिस्सा वजन उतरलं, पाठीचा कणा वर दिसू लागला, किंवा साप पिल्लू असेल, तर थांबू नका. खाल्लेलं ओकलं तर लगेच दुसरा उंदीर देऊ नका. दहा-बारा दिवस पोटाला विश्रांती द्या, आणि पुन्हा ओकला तर थेट डॉक्टर.

उघड्या तोंडाचा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. रागावलेला साप फुसकारतो, अंग आवळतो, आणि तुम्ही दूर गेलात की शांत होतो. एकटा असतानाही तोंड उघडं, मान वर धरलेली, श्वासाला घरघर किंवा टिकटिक, नाकपुडीशी बुडबुडे, तोंडात चिकट लाळ असेल तर ते छातीचं इन्फेक्शन आहे. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, जोराने खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. तो आतच साचतो आणि न्यूमोनिया होतो.

आपल्या भागात याची कारणं घरातच असतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांच्याही खाली जातो, आणि बॉल पायथनला उबेच्या बाजूला ३१-३२, थंड बाजूला २५-२६ अंश लागतात. ऊब मिळाली नाही की त्याची प्रतिकारशक्तीच मंदावते. पावसाळ्यात खानापूरकडे भिंती पाझरतात, तेव्हा साप ठेवलेल्या टबमधला भुसा ओला राहतो आणि हवा खेळत नाही. लाइट गेली की टबला ऊब देणारी विजेची हीट मॅट बंद. म्हणून मॅटची ऊब ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर दोन्ही हवेत, हाताने चाचपून अंदाज नको. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावली तर उलट भाजतं, कारण पोटाखाली चटका बसला तरी साप पुष्कळदा हलत नाही.

दुधाबद्दल दोनच वाक्यं. पंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो अनेक दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून. सापाला दूध पचत नाही, आणि बळजबरीने पाजलेलं श्वासनळीत गेलं तर त्यानेच मरतो. हळदीचंही तेच. तोंड सडू लागलं की आत पनीरासारखा घट्ट पू धरतो, तो हळदीने वितळत नाही, डॉक्टरलाच काढावा लागतो.

कातेने रोग जात नाही. उलट कात नीट न निघणं हेच लक्षण आहे. निरोगी सापाची कात साधारण अखंड निघते, डोळ्यांवरच्या झाकण्यांसकट. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ती तुकड्यातुकड्याने अडकते. हवेला भोकं असलेल्या डब्यात ओला टॉवेल घालून साप त्यात अर्धा तास ठेवा, टॉवेल भिजवायचं पाणी कोमट असू द्या. डोळ्यावरची झाकणी चिमट्याने अजिबात ओढू नका, डोळा जाईल. साप सारखा पाण्याच्या वाटीत बसत असेल आणि वाटीत बारीक काळे ठिपके तरंगत असतील तर गोचिडीसारखे माइट्स समजा. कुत्र्याची पावडर त्यावर उडवू नका, तिच्यातली काही द्रव्यं सापाला विषारी ठरतात.

राहिला डॉक्टर. आपल्याकडच्या दवाखान्यांत गाई-म्हशी आणि कुत्री येतात, हे खरं. म्हणून मेडिकलमधून माणसाच्या गोळ्या आणायच्या का? जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक औषधं पाणी कमी पडलेल्या सापाची किडनी निकामी करतात. सापाला चालणारी काही इंजेक्शनं ७२ तासांतून एकदाच द्यायची असतात, तीही शरीराच्या पुढच्या अर्ध्यात. हे घरी ठरवायचं काम नव्हे. पुण्यात किंवा बेंगळुरूत सरपटणारे प्राणी पाहणारा डॉक्टर साप धडधाकट असतानाच शोधून नंबर घेऊन ठेवा. गावातले डॉक्टर त्यांच्याशी फोनवर बोलून इंजेक्शन देऊ शकतात, तसं आधीच विचारून ठेवा.

नेताना सुती उशीच्या खोळीत गाठ मारून, हवेला भोकं असलेल्या डब्यात ठेवा. थंडीत सकाळी गाडीवरून वाऱ्यात नेऊ नका. बरोबर वजनाची वही, टबमधलं तापमान, शेवटचं खाणं कधी झालं ते, आणि विष्ठेचा ताजा नमुना घ्या. घरी आल्यावर साबणाने हात धुवा. निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो, म्हणून पाच वर्षांखालच्या पोरांच्या हातात तो देऊच नका.