पुतीनने लुटलेली संपत्ती जनतेला परत दिली म्हणे!

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला. थोडक्यात मजकूर असा: सोव्हिएत युनियन फुटल्यावर रशियाचा तेव्हाचा अध्यक्ष येल्त्सिनने अमेरिकेचं ऐकून सगळ्या सरकारी कंपन्या चार-पाच ऑलिगार्कांना (म्हणजे सत्तेच्या जवळच्या बड्या धनदांडग्यांना) फुकट वाटल्या, मग पुतीन आला, त्याने या सगळ्या चोरांना आत टाकलं, माल परत घेतला आणि आता तिथलं तेल, गॅस, खाणी सगळं जनतेच्या मालकीचं आहे. यातलं निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच उरलेलं निम्मं खपून जातं.

पहिलं, "सगळं थेट ऑलिगार्कांना दिलं". नाही हो. सुरुवातीला खरंच सगळ्यांना वाटलं होतं, ऑक्टोबर १९९२ पासून तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला एकेक व्हाउचर (ते देऊन सरकारी कंपन्यांचे शेअर्स घ्यायचे), दर्शनी किंमत १०,००० रुबल, आणि खाजगीकरणाचा सूत्रधार चुबाईस सांगत होता की एका व्हाउचरची किंमत दोन व्होल्गा गाड्यांएवढी होईल. त्याच वर्षी महागाई पंचवीसेक पट झाली. लोकांनी व्हाउचर दारूच्या बाटल्यांवर विकून टाकली किंवा कुठल्यातरी फंडात घातली, आणि त्यातले बरेच फंड गायबच झाले. कारखान्यांचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ५१ टक्के शेअर्स आतल्याच लोकांनी, म्हणजे कामगार आणि डायरेक्टरांनी, घ्यायचे हा पर्याय निवडला गेला, म्हणजे कागदावर कामगार मालक, पण कामगाराचा पगार महिनोन्महिने थकलेला, घरात पीठ नाही, तो शेअर धरून बसणार किती दिवस? ते हळूहळू डायरेक्टरसाहेबांकडे जमा झाले, आणि हे साहेब कोण, तर कालपर्यंत कम्युनिस्ट पार्टीचं कार्ड खिशात असलेले. म्हणजे पहिला हात मारला तो आतल्यांनीच.

दुसरं, "अमेरिकेचं ऐकून फुकट वाटलं". अमेरिकन सल्लागार होते, नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळ्यात कुप्रसिद्ध जी 'कर्जाच्या बदल्यात शेअर्स' योजना, ती १९९५ मध्ये पोटानिन नावाच्या अस्सल रशियन बँकरने सुचवलेली. सरकारची तिजोरी रिकामी, १९९६ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांचा झ्युगानोव जिंकतो की काय ही धास्ती, मग बँकांनी सरकारला कर्ज द्यायचं आणि मोठमोठ्या सरकारी कंपन्यांचे शेअर्स गहाण ठेवून घ्यायचे. सरळ सावकारी. कर्ज फिटणार नाही हे दोन्ही बाजूंना माहीत होतं, ते फिटलं नाही आणि गहाण बुडालं. गंमत म्हणजे या शेअर्सचा लिलाव घेणारी बँक आणि बोली लावणारी पार्टी एकाच घरातली! नोरिल्स्क निकेल या खाणकंपनीचे ३८ टक्के पोटानिनच्या बँकेला १७ कोटी डॉलरला गेले, समोरच्या बँकेची साडेपस्तीस कोटींची बोली होती, ती बादच केली. युकोस या तेलकंपनीचे ४५ टक्के साधारण १६ कोटींना खोदोरकोव्स्कीकडे. सिबनेफ्ट या दुसऱ्या तेलकंपनीचे ५१ टक्के १० कोटींना, बेरेझोव्स्की आणि अब्रामोविचकडे. लूट झाली हे फॉरवर्डवाल्याचं म्हणणं इथे शंभर टक्के बरोबर.

तिसरा मुद्दा सगळ्यात मजेदार, "सगळ्यांना आत टाकलं आणि माल परत घेतला". आत वर्षानुवर्षं बसला तो खोदोरकोव्स्की, २००३ ते २०१३. टीव्हीवाला ऑलिगार्क गुसिन्स्की २००० मध्ये काही दिवस आत राहून बाहेर आला आणि देश सोडून गेला, त्याचं एनटीव्ही चॅनल गॅझप्रॉम या सरकारी गॅसकंपनीकडे. बेरेझोव्स्की लंडनला पळाला. बाकीचे? ज्याने ती योजना सुचवली तो पोटानिन आजही नोरिल्स्कचा सगळ्यात मोठा शेअरहोल्डर. आणि अब्रामोविच तर पुतीनच्या काळात चुकोत्का या रशियन प्रांताचा गव्हर्नर होता! २००५ मध्ये गॅझप्रॉमने सिबनेफ्टचे ७० टक्क्यांवर शेअर्स घेतले, त्यासाठी मोजले १३०० कोटी डॉलर. दहा कोटींचे तेराशे कोटी, टक्के सारखे नाहीत हे मान्य, तरी चोराकडून माल परत घेताना कुणी बाजारभाव देतं का? २०१३ मध्ये रोसनेफ्ट या सरकारी तेलकंपनीने टीएनके-बीपी ही तेलकंपनी घेतली तेव्हाही फ्रिडमन, वेक्सेलबर्ग वगैरे ऑलिगार्क मंडळींच्या गटाला २८०० कोटी डॉलर रोख मिळाले.

मग खरंच हिसकावलं कुणाकडून, तर जो राजकारणात पडला किंवा ज्याची कंपनी दुसऱ्याच्या डोळ्यात भरली त्याच्याकडून. युकोसवर टॅक्सची थकबाकी काढली, डिसेंबर २००४ मध्ये तिचा मुख्य तेलाचा भाग लिलावात काढला आणि ९०० कोटी डॉलरच्या वर बोली लावून तो घेतला कुणी? बायकालफिनान्सग्रुप, त्वेर शहरात जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी रजिस्टर झालेली कंपनी! काही दिवसांत ती रोसनेफ्टच्या पोटात गेली. आणि जनतेचं म्हणताय त्या रोसनेफ्टने २००६ मध्ये स्वतःचे शेअर्स विकले ते लंडनच्या बाजारात.

राहिलं शेवटचं, "आता मालकी जनतेची". सातबाऱ्यावर जनतेचं नाव असेलही, वहिवाट कुणाची ते बघा. रोसनेफ्टच्या प्रमुखपदी २०१२ पासून सेचिन, पुतीनचा पीटर्सबर्गपासूनचा माणूस. २०२३ मध्ये डॅनोन या फ्रेंच कंपनीचा रशियातला डेअरी धंदा सरकारने ताब्यात घेतला आणि चालवायला दिला कुणाला, चेचन्या प्रांताचा प्रमुख कादिरोव याच्या नातलगाला. यात जनता कुठे आली?

जनतेच्या हाती खरंच काही लागलं असेल तर ते राहती घरं. १९९१ च्या कायद्याने सरकारी फ्लॅट त्यात राहणाऱ्याच्याच नावावर फुकट करता आले, आणि बहुतेकांनी केले. ते पुतीनने दिलेले नाहीत, फॉरवर्डमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.

आणि ज्यांना वाटतं "आपल्याला काय त्याचं", त्यांच्यासाठी: रशियातल्या सखालिन-१ या तेलप्रकल्पात आपल्या ओएनजीसी विदेशचे २० टक्के आहेत, २००१ पासून, रीतसर पैसे मोजून घेतलेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुतीनने एक हुकूम काढून प्रकल्प नव्या रशियन कंपनीकडे वळवला आणि परदेशी भागीदारांना सांगितलं, आपापला हिस्सा हवा असेल तर अर्ज करा. त्यातली अमेरिकन भागीदार एक्सॉन बाहेर पडली. ओएनजीसीने स्वतःच्याच हिश्शासाठी अर्ज भरला.