७६६ पानांचा 'फिनिक्स': लांब कुठे, तोकडा कुठे

(सातही पुस्तकं वाचली नसतील तर इथेच थांबा. खाली कोण मरतं तेही लिहिलंय.)

'हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स' हे नाव काढलं की वाचकांचे लगेच दोन तट पडतात. एकांच्या मते मालिकेतला हा सगळ्यात रटाळ भाग: दीडशे-दोनशे पानं सहज उडवता आली असती, हॅरी नुसता आरडाओरडा करतो, आणि हाती काय लागतं तर आधीपासून अंदाज असलेली एक भविष्यवाणी. दुसऱ्यांच्या मते हाच सर्वोत्तम भाग, कारण अम्ब्रिज, सरकारने शाळेवर लादलेली ती छळकुटी शिक्षिका. माझं मत दोन्हीकडच्यांना आवडणार नाही. पुस्तक लांब आहे हा त्याचा दोष नाहीच. जिथे दोन पानांत भागलं असतं तिथे ते वीस पानं घेतं, आणि जिथे वीस पानं हवी होती तिथे दोन परिच्छेदांत उरकतं. दोष हा आहे.

आधी मापं बघू. पहिल्या भागाची ब्रिटिश आवृत्ती २२३ पानांची. तिसरा भाग ३१७ पानांचा. चौथा २००० च्या जुलैत आला तो एकदम ६३६ पानांचा. मग तीन वर्षं वाट बघायला लावून २१ जून २००३ ला पाचवा आला: ३८ प्रकरणं, ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानं, अमेरिकन आवृत्तीत ८७०. शब्द अडीच लाखांच्या वर, म्हणजे पहिल्या भागाच्या तिपटीहून जास्त. मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगाने रोज तासभर वाचलं तर तीन आठवडे लागतात. पेपरबॅक असेल तर तोवर कणा मध्येच कुठेतरी मोडतो, ते वेगळं.

'लेखिका इतकी मोठी झाली होती की संपादकांची कात्री चालेना' हा एक लाडका तर्क आहे. मला तो पटत नाही. तसं असतं तर पुढची पुस्तकं आणखी फुगली असती. सहावा आणि सातवा भाग मात्र प्रत्येकी ६०७ पानांवर थांबतात. लेखिकेने पुढे स्वतःच कबूल केलं की हे पुस्तक आणखी छोटं होऊ शकलं असतं, पण शेवटाकडे वेळही संपला होता आणि ताकदही. मला हे कारण जास्त खरं वाटतं. कापायला लिहिण्याइतकाच वेळ लागतो.

आता कुठे लांबलंय ते पाहू.

सुरुवात. २ ऑगस्टच्या संध्याकाळी हॅरीवर डिमेंटरांचा (आनंद शोषणाऱ्या तुरुंगरक्षकांचा) हल्ला होतो, १२ ऑगस्टला त्याने शाळेबाहेर जादू केल्याची सुनावणी, १ सप्टेंबरला हॉगवर्ट्स एक्सप्रेस. या एका महिन्यावर पहिली दहा प्रकरणं खर्च होतात, म्हणजे पाव पुस्तकाच्या आसपास. कीर्तनात बुवा पूर्वरंगातच रमावेत आणि आख्यान सुरू होईपर्यंत मागच्या रांगेतली पोरं पेंगावीत, तसं होतं. यातलं काय काढता आलं असतं? सुनावणी नाही, कारण अम्ब्रिज पहिल्यांदा तिथेच दिसते. ग्रिमॉल्ड प्लेसची, म्हणजे हॅरीचा धर्मपिता सिरियस याच्या घराची, साफसफाई मात्र अर्धी करता आली असती. पडदे झटका, डॉक्सी मारा, कपाटं रिकामी करा, सँडविच खा, पुन्हा पडदे.

पण गंमत अशी की याच साफसफाईत एक वाक्य पडलंय. सहाव्या प्रकरणात, फेकायच्या वस्तूंच्या ढिगात, एक जड लॉकेट आहे जे कुणालाच उघडता येत नाही. बस, एवढंच. पुढे निघतं की ते व्होल्डेमॉर्टचं हॉरक्रक्स, त्याच्या आत्म्याचा तुकडा दडवलेली वस्तू. त्याच प्रकरणात भिंतीवरच्या वंशवेलीत सिरियसचा धाकटा भाऊ रेग्युलस भेटतो: डेथ ईटर (व्होल्डेमॉर्टचा अनुयायी) झाला, मग कचरला, मारला गेला. सहाव्या भागाच्या शेवटी 'आर. ए. बी.' ही आद्याक्षरं आली तेव्हा ज्यांनी हे कंटाळवाणं प्रकरण नीट वाचलं होतं त्यांना उत्तर सापडलं, आणि ज्यांनी पानं उलटली होती ते दोन वर्षं डोकं खाजवत बसले.

लांबीवर बोलताना हे ध्यानात ठेवायला लागतं. सोळाव्या प्रकरणातल्या 'हॉग्ज हेड' या गुत्त्याच्या कळकट गल्ल्यावरचा म्हातारा आणि तिथला बकऱ्यांचा वास सातव्या भागात कामाला येतो, कारण तो डम्बलडोरचा भाऊ अ‍ॅबरफोर्थ. फ्रेड आणि जॉर्ज माँटेग्यूला ज्या गायब करणाऱ्या कपाटात ढकलतात, त्याच कपाटातून सहाव्या भागात डेथ ईटर शाळेत शिरतात. जादू मंत्रालयातल्या मारामारीत, काळात मागे नेणाऱ्या काळ-चक्रांचं कपाट फुटतं, आणि तिसऱ्या भागापासून वाचक जो प्रश्न विचारत होते (मागे जाऊन सगळं दुरुस्त का करत नाहीत?) त्याची वाट कायमची बंद होते. २००३ साली वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसू शकत नव्हतं. म्हणून तेव्हाची मतं आणि सातही भाग हाताशी असताना दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांची मतं यांत इतकी तफावत आहे. दोघंही बरोबर आहेत. पेरणी उत्तम, पण पेरणी बघत बसणं हे मनोरंजन नव्हे.

जिथे पेरणीची सबबही चालत नाही ती जागा म्हणजे ग्रॉप. विसाव्या प्रकरणात हॅग्रिड राक्षसांकडच्या प्रवासाची कथा सांगतो. सगळी सांगीव माहिती: आम्ही गेलो, भेट दिली, मुखिया मारला गेला, परत आलो. तिसाव्या प्रकरणात तो जंगलात बांधून ठेवलेला सावत्र भाऊ दाखवतो. एवढ्या भांडवलावर मिळतं काय? तेहतिसाव्या प्रकरणात ग्रॉप अचानक येऊन सेंटॉरांना पांगवतो. ते काम सेंटॉरांच्या आपसातल्या भांडणानेही झालं असतं. सातव्या भागातल्या लढाईत तो पुन्हा दिसतो खरा, पण त्यासाठी दोन आख्खी प्रकरणं? कात्री लावायची तर पहिली इथे.

हॅरीच्या रागाबद्दल मात्र मी ठामपणे दुसऱ्या तटात आहे. चौथ्या प्रकरणात तो रॉन आणि हरमायनीवर कॅपिटल अक्षरांत ओरडतो, आणि इंग्रजी वाचकांनी त्यावरून भरपूर थट्टा केली. (देवनागरीत कॅपिटलच नाहीत, तेव्हा अनुवादात उद्गारचिन्हांवर किंवा ठळक टायपावर भागवावं लागणार.) पण हिशेब करा. पंधरा वर्षांचा मुलगा, जूनमध्ये डोळ्यांदेखत शाळासोबती सेड्रिक मेलेला, त्यानंतर महिनाभर एकही धड पत्र नाही, वर्तमानपत्र त्याला खोटारडा ठरवतंय, आणि डम्बलडोर त्याच्याकडे बघायलाही तयार नाही. यावर तो शांत राहिला असता तर पुस्तक खोटं वाटलं असतं. तक्रार करायचीच तर ती अशी: तोच राग त्याच तीव्रतेने पुन्हा पुन्हा येतो, चढत किंवा उतरत नाही. चोबरोबरचं प्रेमप्रकरणही तसंच एका जागी घोटाळतं.

आता अम्ब्रिज. इथे लांबीच काम करते. छळ हा एका प्रसंगात दाखवता येत नाही, त्याला दिवस जावे लागतात. एकेक फर्मान येतं. २२ नंबरने ती शिक्षक होते. २३ ने उच्च निरीक्षक होऊन इतर शिक्षकांच्या वर्गात वही घेऊन बसते. २४ ने तीन किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या सगळ्या संघटना बंद. २५ ने शिक्षेचे अंतिम अधिकार तिच्याकडे. २६ ने शिक्षकांनी विषयाबाहेर बोलायचं नाही. २७ ने 'क्विबलर' मासिकाचा अंक जवळ सापडला तर शाळेबाहेर. २८ ने ती मुख्याध्यापिका. महाराष्ट्रात ज्यांनी शाळेत नोकरी केलीय त्यांना जी.आर. एकावर एक कसे साठतात हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक फर्मान आधीच्यापेक्षा फक्त एक पायरी पुढे, त्यामुळे 'आता मात्र अति झालं' म्हणायची नेमकी वेळ कुणालाच सापडत नाही. शंभर पानांत हे जमलं नसतं.

आणि ती लेखणी. शाई नसलेली, लिहिणाऱ्याच्याच रक्ताने लिहिणारी. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात हॅरी रोज संध्याकाळी अम्ब्रिजच्या खोलीत या लेखणीने लिहिण्याची शिक्षा भोगायला जातो. पहिल्या दिवशी कातडी लगेच भरून येते, शेवटी ओरखडा राहतो. भिंतीवर मांजरांची चित्रं असलेल्या बशा, आणि त्यांच्यासमोर हे. भयकथालेखक स्टीफन किंगने अम्ब्रिजची तुलना हॅनिबल लेक्टर या कादंबऱ्यांतल्या नरभक्षक खुन्याशी केली होती. मला ती जास्त भयानक वाटते, कारण लेक्टर तुरुंगात असतो आणि ही पगारावर. पहिल्या प्रकरणातले डिमेंटर हिनेच पाठवले होते हे बत्तिसाव्या प्रकरणात ती स्वतःच्या तोंडाने सांगते, तेव्हा तो लांबलेला पूर्वरंगही जरा माफ करावासा वाटतो.

मग तोकडं कुठे?

एक, ते पुडकं. चोविसाव्या प्रकरणात सिरियस हॅरीच्या हातात वेडंवाकडं बांधलेलं काहीतरी देतो: स्नेप त्रास देईल तर वापर. सिरियसला घराबाहेर काढायला आपण कारण व्हायचं नाही, असं ठरवून हॅरी ते उघडतच नाही. मग थेट अडतिसाव्या प्रकरणात, सिरियस मेल्यावर, त्यातून आरसा बाहेर येतो, ज्यातून सिरियसशी थेट बोलता आलं असतं. मधली तेरा प्रकरणं त्याचं नाव नाही. सिरियसचा मृत्यू टाळता आला असता की नाही हे ज्या वस्तूवर ठरतं, ती वाचकाच्याही डोक्यातून गेलेली असते. 'हॅरी विसरला तसे आपणही विसरलो, हीच तर खुबी' असं काहीजण म्हणतात. मला तो बचाव वाटतो. क्विडिचच्या सरावातलं एक पान काढून तिथे ट्रंकेच्या तळाशी ते पुडकं नुसतं दिसलं असतं तरी शेवट दुप्पट लागला असता.

दोन, ऑक्लमन्सी, म्हणजे दुसऱ्याला आपल्या मनात शिरू न देण्याची विद्या. आख्खा शेवट या एका गोष्टीवर उभा आहे की हॅरी मन बंद करायला शिकत नाही. तरी वर्ग असे सविस्तर दिसतात ते दोन-तीनच. स्नेप 'मन रिकामं कर' म्हणतो, पण कसं ते सांगत नाही. हॅरीला स्वप्नात दिसणाऱ्या त्या दाराआड काय आहे आणि व्होल्डेमॉर्ट ते वापरून काय करू शकतो, हे हॅरीला कुणीच स्पष्ट सांगत नाही. सदतिसाव्या प्रकरणात डम्बलडोर चूक कबूल करतो, खूप बोलतो, पण ते स्पष्टीकरण वर्षभर उशिरा आलेलं असतं, आणि कथानक चालावं म्हणूनच उशिरा आलंय हे लपत नाही.

तीन, खुद्द मृत्यू. बेलाट्रिक्स या डेथ ईटरच्या जादूचा दुसरा झोत छातीवर बसतो, सिरियस कमानीच्या पडद्यामागे पडतो, संपलं. झोत कसला हे पुस्तक सांगत नाही. कित्येक वाचक पुढची दोन वर्षं तो परत येईल म्हणून वाट बघत राहिले. सिनेमात बेलाट्रिक्स सरळ मारणारा शापच उच्चारते. हा दोष आहे की नाही याबद्दल माझं मत अजूनही हेलकावे खातं. खरा मृत्यू असाच येतो, अर्ध्या वाक्यात. पण ग्रॉपला मिळालेली पानं बघितली की राग येतोच.

सिनेमाचं म्हणाल तर २००७ चा हा चित्रपट १३८ मिनिटांचा, मालिकेतला सगळ्यात छोटा नसला तरी शेवटून दुसरा. सगळ्यात जाड पुस्तकावरचा. क्विडिच पूर्ण गेलं, सेंट मंगो रुग्णालय गेलं, फिरेंझ गेला, मॅरिएटाची फितुरी चोच्या माथी मारली, तीही सत्यद्रव्य पाजून. काय काढलं तरी इमारत उभी राहते हे यातून कळतं, आणि काय काढल्यावर जीव जातो तेही. क्विडिच गेलं त्याचं दुःख नाही. पण रुग्णालयात नेव्हिलची भान हरपलेली आई त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते, आजी म्हणते टाकून दे, आणि तो कुणाचं लक्ष नाही असं समजून खिशात घालतो, हे गेलं म्हणजे तेविसावं प्रकरण ज्यासाठी होतं तेच गेलं.

पुन्हा वाचायचं असेल किंवा मुलांना वाचून दाखवायचं असेल तर एक सल्ला. पुस्तकाचे तीन तुकडे करा: प्रकरणं १ ते १०, ११ ते २३, २४ ते ३८. मध्ये आठवडाभर थांबलात तरी चालतं, कारण दहावं आणि तेविसावं या दोन्हींच्या शेवटी कथा स्वतःच दम घेते. २० आणि ३० वरवर वाचा. १९ मध्ये सामना संपल्यावरची मारामारी वाचा, त्याआधीचं चाळलं तरी चालेल. ३१ मध्ये खगोलशास्त्राच्या परीक्षेची रात्र सोडू नका, मॅकगोनॅगल तिथेच चार झोत छातीवर घेते. ६, १६, २३, २८ आणि ३७ शब्दन्‌शब्द वाचा.

आणि ३८. वाचून थकलेले लोक इथे पानं उलटतात. त्यात एक छोटा प्रसंग आहे: वर्ष संपलेलं, सगळे मेजवानीला गेलेले, आणि ल्यूना एकटी भिंतीवर हरवलेल्या वस्तूंची यादी लावतेय. मुलं तिच्या वस्तू लपवतात, ती न चिडता सांगते की शेवटी मिळतात सगळ्या. हॅरी मदत करू का विचारतो, ती नको म्हणते आणि पुडिंग खायला निघून जाते. ७६६ पानांतली कोणतीही कापा, ही दोन सोडून.